केबलकार्ड थकले, जुन्या रेकॉर्डरांचे काय?

अमेरिकेत ज्यांच्या घरी केबलवरचे कार्यक्रम स्वतः विकत घेतलेल्या रेकॉर्डरवर साठवले जातात, त्यांनी त्या यंत्राच्या मागची किंवा तळाची झडप उघडून पाहिली, तर आत एक कार्ड सरकवलेले दिसेल. लांबीरुंदीने ते आपल्या एटीएम कार्डाएवढेच असते, पण जाडी पाच मिलिमीटर, वरून पातळ पत्र्याचे आवरण आणि एका कडेला बारीक छिद्रांच्या दोन ओळी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लॅपटॉपमध्ये मोडेमसाठी जी कार्डे घालत असत, त्याच मापाचे. याचे नाव केबलकार्ड. रेकॉर्डर ग्राहकाच्या मालकीचा असतो; कार्ड मात्र केबल कंपनीचे असते आणि ती ते वापरापुरते देते. ते बाहेर काढले, की कित्येकशे डॉलर मोजून घेतलेल्या यंत्राला केबलवरचे जवळजवळ काहीच दिसत नाही.

न्यू जर्सीत आमच्या घरी असा एक रेकॉर्डर अजून चालू आहे. ओळखीच्या मराठी घरांतूनही दोन प्रश्न वारंवार विचारले जातात: चांगले चालणारे यंत्र असताना वाहिन्या एकेक करून का नाहीशा होत आहेत, आणि कार्ड बिघडले तर दुसरे मिळेल का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हवी असतील, तर कार्डाच्या आत काय चालते, ते कोणत्या कायद्यामुळे अस्तित्वात आले आणि त्या कायद्याचे पुढे काय झाले, हे तिन्ही पाहावे लागते.

आधी कुलूप समजून घेऊ. केबलच्या तारेतून शेकडो वाहिन्या एकाच वेळी वाहत असतात आणि ज्याने पैसे भरले आहेत त्याच्या व ज्याने भरले नाहीत त्याच्याही भिंतीपर्यंत त्या सारख्याच पोहोचतात. अमेरिकेत सहा मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ३८.८ मेगाबिट एवढी माहिती पाठवता येते, आणि तेवढ्यात दोन-तीन हाय डेफिनिशन वाहिन्या किंवा दहाएक साध्या वाहिन्या मावतात. कोणाला काय दिसावे, याची निवड तारेत होत नसून घरातल्या यंत्रात होते. म्हणून चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात असतानाच त्यांना कुलूप लावून पाठवतात. एन्क्रिप्शन म्हणतात ते हेच. हे कुलूप उघडणारी संख्या दर काही सेकंदांनी बदलते. प्रत्येक नवी संख्या त्याच प्रवाहातून येते, पण तीही एका वेगळ्या कुलपात बंद असते, आणि ते दुसरे कुलूप फक्त कार्डाला उघडता येते.

कार्डाजवळ त्यासाठी दोन गोष्टी असतात. कारखान्यातच त्याच्या पोटात कोरलेले एक गुपित ही पहिली. ते कधीही बाहेर दिले जात नाही. दुसरी म्हणजे हक्कांची यादी. ग्राहकाने खेळांच्या वाहिन्यांचा संच घेतला, की केबल कंपनी तारेतूनच त्या विशिष्ट कार्डाच्या नावाने एक संदेश पाठवते आणि यादीत भर पडते. पैसे थकले, की तसाच दुसरा संदेश येतो आणि यादी आखडते. भारतात डीटीएचच्या बॉक्समध्ये जे छोटे व्ह्यूइंग कार्ड घालतात, त्याचेही काम तत्त्वतः हेच आहे.

केबलकार्डात मात्र याच्या पुढे आणखी एक टप्पा आहे आणि जुन्या रेकॉर्डरांची निम्मीअधिक डोकेदुखी तिथेच जन्म घेते. कार्डाने कुलूप उघडले, की चित्र रेकॉर्डरच्या हवाली करायचे असते. तो रेकॉर्डर केबल कंपनीने बनवलेला नसतो. जेमतेम दोन इंचांच्या त्या वाटेवर कोणी तार जोडून उघडे चित्र पळवले तर काय, ही कार्यक्रमांच्या मालकांची भीती होती. म्हणून कार्ड उघडलेले चित्र पुन्हा कुलूपबंद करूनच पुढे सरकवते, आणि या नव्या कुलपाची किल्ली कार्ड आणि रेकॉर्डर एकमेकांची प्रमाणपत्रे तपासून दोघांत मिळून ठरवतात. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाबरोबर एक खूण येते: याची नक्कल मोकळेपणाने करता येईल, एकदाच करता येईल, झाली तेवढी पुरे आता आणखी नाही, किंवा मुळीच करायची नाही. रेकॉर्डरला ती खूण पाळावीच लागते, कारण न पाळणाऱ्या यंत्राला प्रमाणपत्रच मिळत नाही.

कार्ड आणि रेकॉर्डर यांची ही जोडी केबल कंपनीच्या मुख्य केंद्रात नोंदवावी लागते. कार्डाचा क्रमांक, यंत्राचा क्रमांक आणि जोडीचा म्हणून तयार होणारा तिसरा क्रमांक असे तीन लांबलचक क्रमांक टीव्हीच्या पडद्यावर दिसतात आणि ते फोनवर वाचून दाखवायचे असतात. आम्ही जुना रेकॉर्डर बदलून मोठा घेतला आणि त्यात तेच कार्ड घातले, तेव्हा मला तीन वेळा फोन करावा लागला. पहिल्या दोन्ही वेळी पलीकडच्या व्यक्तीने ‘सिग्नल पाठवला आहे, अर्धा तास थांबा’ एवढेच सांगितले. स्थानिक वाहिन्या आणि आणखी थोड्या वाहिन्या व्यवस्थित दिसत होत्या. बाकीच्या ठिकाणी काळा पडदा होता. तिसऱ्या वेळी ज्या बाई फोनवर आल्या, त्यांनी तिन्ही क्रमांक मला एकेक आकडा करून परत वाचायला लावले आणि आधीच्या नोंदीत एक आकडा चुकल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी नोंद दुरुस्त केली आणि मिनिटभरात सगळ्या वाहिन्या आल्या.

त्या अनुभवातले एक लक्षण इतरांनाही उपयोगी पडेल. काही वाहिन्या स्वच्छ आणि बाकीच्या पूर्ण काळ्या असतील, तर कार्ड मेलेले नसते आणि तारही बिघडलेली नसते. बहुतेक वेळा जोडीची नोंद झालेली नसते. नक्कल करायला मोकळीक असलेल्या वाहिन्या जोडीवाचूनही उघडतात, ‘एकदाच’ ही खूण असलेल्या उघडत नाहीत. अशा वेळी ‘सिग्नल पाठवा’ असे न म्हणता ‘जोडणीचे तिन्ही क्रमांक पुन्हा पडताळा’ असे म्हणावे.

आता प्रश्न असा, की केबल कंपन्यांनी स्वतःच्या कुलपाची किल्ली सुटी करून दुसऱ्याच्या यंत्रात का घालू दिली. याचे मूळ टेलिफोनच्या इतिहासात आहे. १९६८ पर्यंत अमेरिकेत टेलिफोनच्या तारेला कंपनीच्या परवानगीवाचून परके उपकरण जोडता येत नसे. टेक्सासमधील थॉमस कार्टर यांनी बनवलेले, रेडिओवरचे बोलणे टेलिफोनशी जोडणारे ‘कार्टरफोन’ हे उपकरण वादाचा विषय झाले आणि जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला आपले उपकरण जोडू द्यावे, असा निर्णय संघीय दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, त्या वर्षी दिला. घरोघरी आलेली उत्तरयंत्रे, फॅक्स आणि मोडेम यांना त्या निर्णयाने वाट करून दिली. हेच तत्त्व केबलला लावावे, म्हणून १९९६ च्या दूरसंचार कायद्यात ६२९ वे कलम घातले गेले: केबल पाहण्याचे यंत्र ग्राहकाला दुकानातून घेता आले पाहिजे.

आयोगाने १९९८ मध्ये यासाठी जो मार्ग काढला तो साधा होता. वाहिनी लावणे, चित्र उलगडणे, रेकॉर्ड करणे ही सगळी कामे कोणत्याही यंत्राने करावीत. कुलूप उघडण्याचे काम तेवढे वेगळे काढून केबल कंपनीने सुट्या कार्डात द्यावे. जुलै २००० पासून ही सुटी किल्ली उपलब्ध करण्याचे बंधन आले, पण ती घालायला दुकानात यंत्रेच नव्हती. केबल कंपन्या आणि टीव्ही बनवणारे कारखानदार यांच्यात डिसेंबर २००२ मध्ये समझोता झाला, २००३ मध्ये आयोगाने त्यावर नियम केले आणि त्यानंतर कार्डाची खाच असलेले टीव्ही बाजारात आले. त्या टीव्हींना केबलचा बॉक्स लागत नव्हता. तरीही ते फार टिकले नाहीत, कारण त्यांचा केंद्राशी संवाद एकमार्गी होता. केंद्राकडून येणारे तेवढे त्यांना समजे, केंद्राकडे काही मागता येत नसे, आणि त्यामुळे हवा तो चित्रपट हवा तेव्हा मागवण्याची सोय कंपनीच्या भाड्याच्या बॉक्सवर होती तशी या टीव्हींवर नव्हती.

रेकॉर्डरच्या बाबतीत मात्र या कार्डाने खरे काम केले. टिवो कंपनीने सप्टेंबर २००६ मध्ये आपल्या तिसऱ्या मालिकेचा रेकॉर्डर सुमारे ८०० डॉलरांना विक्रीस काढला. त्यात दोन कार्डांच्या खाचा होत्या, कारण तेव्हाचे कार्ड एका वेळी एकच वाहिनी उघडू शकत असे. पुढे एका कार्डाने सहा वाहिन्या उघडता येऊ लागल्या आणि २०१३ मध्ये आलेल्या टिवोच्याच रोमिओ मालिकेतील मोठ्या नमुन्यांत एकाच कार्डावर सहा कार्यक्रम एकाच वेळी साठवता येऊ लागले. संगणकाला जोडायची कार्डवाली यंत्रेही आली: सेटनचे चार ट्यूनरांचे, म्हणजे एका वेळी चार वाहिन्या लावणारे, आणि सिलिकॉनडस्टचे तीन ट्यूनरांचे. घरी कार्यक्रम साठवून नंतर पाहणे कायदेशीर आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात मान्य केले होते. कार्डामुळे तो हक्क कुलूपबंद केबलच्या काळातही हातात राहिला. त्यामागे पैशाचाही मोठा प्रश्न होता. दोन सिनेटरांनी २०१५ मध्ये कंपन्यांकडून मागवलेल्या माहितीनुसार एक अमेरिकन घर बॉक्सच्या भाड्यापोटी वर्षाला सरासरी २३१ डॉलर भरत होते.

या सगळ्या नियमांपैकी खरा जीव, माझ्या मते, एकाच नियमात होता. १ जुलै २००७ पासून केबल कंपन्यांनी भाड्याने द्यायच्या नव्या बॉक्समध्येही सुटे कार्डच वापरले पाहिजे, असे बंधन आयोगाने घातले. कंपन्यांना ते मनापासून नको होते. बॉक्सची किंमत उगाच वाढते, अशी त्यांची तक्रार होती आणि त्यासाठी ते बंधन दोनदा पुढेही ढकलले गेले होते. पण त्याचा परिणाम पाहा. २०१५ च्या सुमारास दुकानातून घेतलेल्या यंत्रांत फक्त सहा लाखांच्या आसपास कार्डे होती, तर कंपन्यांच्या स्वतःच्या बॉक्समध्ये पाच कोटींहून अधिक. ज्या कार्डावर कंपनीचे पाच कोटी बॉक्स चालतात, ते कार्ड केंद्रातल्या एखाद्या बदलाने बंद पडले तर ती दुरुस्ती दुसऱ्या दिवसावर जात नाही. सहा लाख रेकॉर्डरवाल्यांना त्या पाच कोटींच्या आडोशाने संरक्षण मिळाले होते.

हा आडोसा काढून घेतला गेला. ४ डिसेंबर २०१४ रोजी संमत झालेल्या, मुळात उपग्रह दूरचित्रवाणीविषयी असलेल्या एका कायद्यात हे बंधन संपवणारे कलम घातले होते आणि वर्षभराने, ४ डिसेंबर २०१५ रोजी, ते संपले. त्यानंतर कंपन्यांना नव्या बॉक्समध्ये कुलूप-किल्ली पुन्हा आत बांधून टाकण्याची मुभा मिळाली. २०१६ मध्ये टॉम व्हीलर आयोगाचे अध्यक्ष असताना कार्डाऐवजी नवी, मोकळी पद्धत आणण्याचा प्रस्ताव तीन विरुद्ध दोन मतांनी पुढे गेला, पण शेवटच्या मतदानापर्यंत पोहोचला नाही आणि २०१७ च्या सुरुवातीला अजित पै अध्यक्ष होताच तो बाजूला ठेवला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये आयोगाने कार्डाच्या ग्राहकसेवेचे आणि त्याचे अहवाल देण्याचे तपशीलवार नियमही काढून टाकले. यात २०१० साली मिळवलेल्या सोयी होत्या: ग्राहकाला कार्ड स्वतः बसवता यावे, त्यासाठी तंत्रज्ञाची भेट सक्तीची नसावी, अनेक वाहिन्या उघडणारे कार्डच द्यावे. कार्ड त्या दिवशी बंद झाले नाही. ते नीट चालवून दाखवण्याची जबाबदारी तेवढी सैल झाली.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी आणि पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ रोजी जुनी ॲनालॉग केबल बंद होऊन प्रत्येक घरात कुलूपबंद बॉक्स आला. केबलवाला बदलायचा तर चांगला चालणारा बॉक्सही बदलावा लागतो, हा अनुभव महाराष्ट्रातल्या लाखो घरांना आहे. डीटीएच परवान्यांच्या अटींत खुल्या बॉक्सचा आग्रह सुरुवातीपासून होता आणि ट्रायने एप्रिल २०२० मध्ये कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीबरोबर चालावा, अशी शिफारसही केली. पण घराघरांतल्या बॉक्सची स्थिती त्याने बदलली नाही. युरोपीय संघात मोठ्या टीव्हीला कुलूप उघडणाऱ्या सुट्या मॉड्यूलची खाच ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. अमेरिकेने मधला मार्ग घेतला होता आणि आता ती त्यावरून मागे वळली आहे.

जुन्या रेकॉर्डरला ‘सपोर्ट’ आहे की नाही, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा उत्तर गोंधळाचे मिळते, कारण सपोर्ट या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्या तिघांच्या हाती आहेत. कार्ड देणे आणि त्याची जोडी नोंदवणे हे केबल कंपनीकडे. वाहिनी कार्डाला समजेल अशा रूपात तारेतून पाठवणेही तिच्याकडेच, पण तो निर्णय तिच्या जाळ्याचे नियोजन करणारे लोक घेतात आणि त्यांच्या नजरेसमोर रेकॉर्डर नसतात. तिसरी गोष्ट म्हणजे कार्यक्रमांचे वेळापत्रक आणि यंत्राचे सॉफ्टवेअर; ते रेकॉर्डर बनवणाऱ्याकडे. यांतली कोणतीही एक सुटली तरी यंत्र पांगळे होते. कंपनीने ‘हो, कार्ड अजून देतो’ असे खरेपणाने सांगितले, तरी वाहिन्या कमी होत जाऊ शकतात.

वाहिन्या का जातात, याचे उत्तर यातल्या दुसऱ्या गोष्टीत आहे आणि ते दोन पावलांत घडले. २००८ च्या सुमारास अनेक केबल कंपन्यांनी कमी पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या सतत पाठवणे थांबवले. एका मोहल्ल्यातल्या काही शे घरांपैकी कोणी ती वाहिनी मागितली, तरच ती त्या मोहल्ल्याच्या तारेत सोडायची. जागा वाचवण्याची ही युक्ती उत्तम होती, पण मागणी करण्यासाठी यंत्राने केंद्राशी बोलावे लागते आणि कार्डाचे रेकॉर्डर मुके. त्यावर तोडगा म्हणून ट्यूनिंग ॲडॉप्टर नावाची एक डबी आली. ती यूएसबीच्या तारेने रेकॉर्डरला जोडायची आणि रेकॉर्डरच्या वतीने मागणी ती करणार. ज्यांच्याकडे ही डबी आहे त्यांना ठाऊक असेल, की वाहिनी येईनाशी झाली तर आधी तिचा दिवा पाहायचा. तो लुकलुकत असेल, तर डबीचा केंद्राशी संपर्क तुटलेला असतो. तिची वीज काढून काही मिनिटांनी पुन्हा द्यावी आणि मगच रेकॉर्डरकडे वळावे.

दुसरे पाऊल यापेक्षा मोठे आहे आणि त्यावर डबीचाही इलाज नाही. केबल कंपन्यांचा मुख्य धंदा आता इंटरनेटचा आहे. जुन्या पद्धतीने पाठवलेली प्रत्येक वाहिनी, ती कोणी पाहो वा न पाहो, तारेतला एक हिस्सा अडवून ठेवते. तोच हिस्सा इंटरनेटला दिला तर वेग वाढतो. म्हणून वाहिन्या इंटरनेटच्या पद्धतीने, ग्राहकाने मागितल्यावर पाठवण्याकडे या कंपन्या वळत आहेत. केबलकार्ड जुन्या पद्धतीच्या प्रवाहासाठीच घडवलेले आहे. इंटरनेटच्या पद्धतीने आलेली वाहिनी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिथे कार्डाला उघडायला कुलूपच नसते. कार्ड ठणठणीत, जोडीची नोंद ठीक, बिल भरलेले, आणि तरी वाहिनी नाही, असे घडते ते यामुळे. फोनवरच्या माणसाने कितीही वेळा सिग्नल पाठवला तरी ती परत येणार नाही. अशा वेळी ‘ही वाहिनी माझ्या भागात अजून जुन्या पद्धतीने येते का’ हा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर ‘नाही’ असेल तर त्या वाहिनीपुरता यंत्राचा विषय संपला, असे समजावे.

वेळापत्रकाची गोष्ट लोक विसरतात. टिवोच्या १९९९ पासूनच्या पहिल्या मालिकेच्या यंत्रांना कार्यक्रमांचे वेळापत्रक मिळणे २०१६ मध्ये बंद झाले, त्यात यंत्राच्या आयुष्यभरासाठी एकरकमी पैसे भरलेले ग्राहकही होते. संगणकाच्या बाजूने मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटर हे टीव्ही पाहण्या-साठवण्याचे सॉफ्टवेअर विंडोज १० मध्ये, २०१५ साली, वगळले. ‘एकदाच’ ही खूण असलेल्या वाहिन्या साठवण्याची परवानगी संगणकावर प्रामुख्याने त्याच सॉफ्टवेअरला होती. त्यामुळे काही घरांनी केवळ रेकॉर्डिंगसाठी विंडोज ७ किंवा ८.१ चे जुने संगणक राखून ठेवले. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ची देखभाल आणि मायक्रोसॉफ्टकडून येणारे वेळापत्रक या दोन्ही गोष्टी संपल्या, जानेवारी २०२३ मध्ये विंडोज ८.१ चीही देखभाल संपली. टिवोने १ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या शेवटच्या एज या रेकॉर्डरची विक्री थांबवली, मात्र विकलेल्या यंत्रांची सेवा सुरू ठेवण्याचे जाहीर केले. ही सेवा सुरू राहणे फार महत्त्वाचे आहे, कारण वेळापत्रकाशिवाय असा रेकॉर्डर म्हणजे तारीख आणि घड्याळ लावून वापरायचे जुने टेपयंत्र होते.

यंत्र स्वतः किती टिकते, हे तुलनेने आपल्या हाती असते. दिवसरात्र लिहिणारी हार्ड डिस्क सर्वांत आधी थकते. चित्र मधेच गोठू लागले, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले, की डिस्कचा संशय घ्यावा. रोमिओच्या नमुन्यांत तीन टेराबाइटपर्यंतची कोरी डिस्क घातली, तर यंत्र ती स्वतःच तयार करून घेते. दुसरे दुखणे वीजपुरवठ्याच्या पट्टीवरचे. तिच्यावर उभे असलेले छोटे पिंपासारखे कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातात आणि त्यांचे सपाट माथे फुगून वर येतात. विजेची उपकरणे हाताळणारा कोणीही कारागीर ते पाहताक्षणी ओळखतो. दोन-तीन डॉलरांचा भाग बदलून यंत्र पुन्हा काही वर्षे चालते. मात्र सवय नसलेल्याने ती पट्टी उघडू नये, वीज काढल्यावरही तिच्यात धोकादायक भार उरलेला असू शकतो.

मदरबोर्ड गेला तर मात्र फार सोसावे लागते. साठवलेले कार्यक्रम डिस्कवर कुलूपबंद असतात आणि त्यांची किल्ली मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असते. तीच डिस्क तशाच दुसऱ्या यंत्रात घातली तरी कार्यक्रम उघडत नाहीत. म्हणून जपून ठेवण्यासारखे काही असेल, नातवाची शाळा एखाद्या स्थानिक बातमीत दिसली असेल, कोणाची मुलाखत असेल, तर यंत्र धडधाकट असतानाच ते संगणकावर उतरवून घ्यावे. ‘मोकळी’ ही खूण असलेले कार्यक्रम टिवोवरून घरच्या जाळ्यातून संगणकावर घेता येतात. ‘एकदाच’ ही खूण असलेल्या कार्यक्रमाची ती एक नक्कल रेकॉर्डरने साठवताना वापरलेली असते, त्यामुळे तो तिथेच राहतो. आधी कोणते कार्यक्रम हलवता येतात हे पाहावे आणि जे हलतात ते पुढच्या सुटीची वाट न पाहता हलवावेत. मी हे एकदा पुढे ढकलले आणि सासूबाईंच्या भजनी मंडळाचा स्थानिक वाहिनीवर आलेला कार्यक्रम त्या यंत्राबरोबरच गेला.

कार्डाबाबत एवढे सांभाळावे, की कार्ड चालू असताना केबलच्या वाहिन्यांचा संच, पत्ता किंवा खाते यांत बदल करण्याआधी त्या बदलानंतर कार्ड चालू राहील का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. पुष्कळदा जुन्या संचावर असलेले कार्ड चालू राहते, पण नव्या संचात त्याला जागाच नसते, आणि महिन्याला दहा डॉलर वाचवणाऱ्या बदलाने सगळा रेकॉर्डर निकामी होतो. बदलून मिळणारे कार्ड बहुतेकदा दुसऱ्या ग्राहकाकडून परत आलेलेच असते. म्हणून नादुरुस्त वाटले तरी जुने कार्ड लगेच परत करू नये. नवे बसून त्याची जोडी पूर्ण झाल्यावर, सगळ्या वाहिन्या एकदा फिरवून पाहिल्यावर मगच परत करावे. पावती ठेवावी, कारण परत न आलेल्या कार्डाची रक्कम बिलात लागते.

केबल सोडायचे ठरले तरी काही रेकॉर्डर टाकावे लागत नाहीत. हवेतून येणाऱ्या स्थानिक वाहिन्या आजच्या प्रचलित पद्धतीत कुलूपबंद नसतात आणि अँटेना जोडली की कार्डाशिवाय साठवता येतात. चार ट्यूनरांच्या साध्या रोमिओला केबल किंवा अँटेना यांपैकी एक निवडता येते. सहा ट्यूनरांच्या महागड्या रोमिओत मात्र अँटेनाचा ट्यूनरच नाही. ते यंत्र केबलपुरतेच आहे. नवी प्रसारणपद्धती, जिला एटीएससी ३.० म्हणतात, तिच्यात स्थानिक वाहिन्यांनाही कुलूप लावण्याची सोय आहे आणि अनेक केंद्रांनी ते लावायला सुरुवातही केली आहे. जुन्या रेकॉर्डरला ती पद्धत मुळातच समजत नाही, त्यामुळे अँटेनावर त्याचे आयुष्य आजची पद्धत हवेत चालू आहे तेवढेच. रेकॉर्डर जुना बाजारातून विकत घेणाऱ्याने त्या नमुन्यात अँटेनाचा ट्यूनर आहे का, हे किंमत विचारण्याआधी पाहावे.